टपाल खात्यास सुचवलेल्या सुधारणा

१२ जानेवारी १९८६
आईबरोबर पूर्णेला जाऊन मुलगी पाहिली. नाव कमल. घरीच शिवणक्लास चालवते. वडील माणिकराव रेल्वेतून रिटायर झालेले. पोहे उत्तम. मान खाली घालून बसली होती, एकदाच वर पाहिलं आणि वाचनाची आवड आहे का विचारलं. मी म्हणालो, प्रचंड. निघताना आईने विचारलं, मग आम्ही काय समजायचं? माणिकराव म्हणाले, पत्रानं कळवतो.
म्हणजे होकार. नकार असता तर तोंडावर दिला असता, पत्राचा खर्च कोण करतो? परतीच्या गाडीत आईला हे समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.
संकल्प : एक पुस्तक वाचणे.

२ फेब्रुवारी
पत्र नाही. मागच्या आठवड्यात परभणीला विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, गाड्या बंद होत्या. डाक अडकली असणार. आमच्या पोखर्णीत पत्रं वाटतो तो पंडित पोस्टमन. त्याला रोज विचारतो. तो रोज थैली उघडून दाखवतो. गरज नसताना दाखवतो, हे मला खटकलं.

९ फेब्रुवारी
मीच पत्र लिहिलं. शाळेत क्लार्क असल्यामुळे ड्राफ्टिंगवर हात बसलेला आहे. संध्याकाळी पेटीत टाकलं आणि घरी येताना आठवलं, शेवटी सवयीने ‘तरी त्वरित कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं गेलंय. प्रेमाच्या मजकुराला हे शोभत नाही. परत गेलो. पत्र काढायला पेटीत हात घातला. हात आत गेला, बाहेर येईना. देवळातून येणारे लोक थांबून बघायला लागले. शेवटी पंडित गोडेतेलाची वाटी घेऊन आला. हात सोडवताना त्याने पेटीचं दार उघडलं, तेव्हा माझ्या पत्रावरचा पत्ता वाचला. हसला. मी हे लक्षात ठेवलंय.

१० फेब्रुवारी
टपाल खात्याला काही सुधारणा सुचवायच्या ठरवल्या. विचार करणारे लोक गप्प बसतात म्हणून देश मागे राहतो.
टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवसापर्यंत परत घेता आलं पाहिजे.
पाकिटाला बारीक कुलूप पाहिजे, म्हणजे मधे कोणी वाचणार नाही. किल्ली मालकिणीकडे असावी. किल्ली पोचवायची कशी? पोस्टाने. ती मधे कोणी काढली तर? यावर अजून विचार चालू आहे.

२३ फेब्रुवारी
उत्तर नाही. नवी सुधारणा सुचली. पोस्टमनला एक गुप्त शब्द सांगावा लागेल, मगच तो पत्र देईल. आमचा शब्द ठरवला : मोगरा. कमलला कार्डाने कळवला.
संध्याकाळी पंडितने विचारलं, साहेब, मोगरा म्हणजे काय? कार्ड उघडं असतं हे माझ्या लक्षात होतंच. खात्याची परीक्षा घेत होतो.

६ मार्च
रजिस्टर पत्र पाठवलं होतं, पोचपावती जोडून. पावती आज आली. खाली तिची सही! मराठीत, गोल अक्षर, ‘क’ला थोडी शेपूट. बराच वेळ बघत बसलो. आईने काय आहे विचारलं. म्हणालो, ऑफिसचं.
पण ही अपुरी सोय आहे. सही म्हणजे पत्र हातात पडलं, एवढंच. वाचलं का? खरं तर पावतीवर रकाने पाहिजेत : वाचले, अर्धे वाचले, वाचून उशाखाली ठेवले.

१५ मार्च
आज सगळा उलगडा झाला. माझी पत्रं पोचतात, हे पावतीने सिद्ध झालं. तिचं उत्तर येत नाही. ती उत्तर देणार नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे तिची पत्रं इकडे आल्यावर गायब होतात. इकडे म्हणजे कोणाकडे?
डाक निरीक्षकांना तक्रार लिहिली, पुरावा म्हणून पोचपावती आणि सुधारणांची यादी जोडली. पंडितचं नाव लिहिताना वाईट वाटलं. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

२८ मार्च
चौकशी लागली. निकाल लागेपर्यंत पंडितची थैली काढून घेतली. खातं इतकं जागरूक आहे असं वाटलं नव्हतं.
पंडितची बायको सुलाबाई घरी येऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. चुलीपाशी आईजवळ बसून रडली. ती गेल्यावर आईने ताट वाढलं आणि म्हणाली, “दिनकर, तुला उत्तर न्हाई आलं म्हणून त्या माणसाची भाकर काढून घ्यायलास. समद्या गावाला कळतंय, तुलाच कसं कळंना?”
आईला शिक्षण नाही. पुराव्यावर विचार करायची सवय नसते. जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.

३१ मार्च
उद्या पूर्णेला जातो. कमलचा जबाब लेखी घेतो : मी पत्रं लिहिली होती, मधे गहाळ झाली. चौकशी एका फटक्यात संपेल. त्या निमित्ताने भेटही होईल. निळा शर्ट कडक इस्त्रीने तयार ठेवला आहे.

१ एप्रिल
पूर्णेहून आलो. जसं झालं तसं लिहितो.
ती कापड बेतत होती. मला दारात पाहून कात्री खाली ठेवली, शिकायला आलेल्या मुलींना घरी पाठवलं. माणिकराव मागच्या दाराने बाहेर पडले, पायात चप्पल न घालता. मी चौकशीचं सांगितलं. पंडितची थैली काढून घेतली हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला.
म्हणाली, “तुमची पत्रं समदी मिळाली. एकबी हरवलं न्हाई.”
मी म्हणालो, ते ठीक, तुमची कुठे गेली?
“म्या लिहिलंच न्हाई.”
मग सांगत गेली. आम्ही आलो त्याच संध्याकाळी तिने वडिलांना नाही म्हणून सांगितलं होतं. वडिलांना आमच्या आईचा चेहरा आठवायचा, त्यांचं मन लिहायला धजेना. नाही आलं उत्तर तर समजून घेतील, असं दोघांना वाटलं. पण माझी पत्रं येतच राहिली.
“दोनदा लिहायला बसले. तुमी येवढं भरभरून लिहिता. त्याला नुसतं न्हाई म्हणून लिहायचं, ते माझ्याच्यानं होईना.”
मी विचारलं, माझ्यात काय कमी आहे?
“कमी काय न्हाई. मनात बसलं न्हाई, येवढंच.”
बोलताना ती माझ्याकडे सरळ बघत होती. पाहायला गेलो तेव्हा जेवढं पाहिलं नव्हतं तेवढं आज पाहिलं तिने.
मी म्हणालो, पंडितसाठी हे लिहून द्यावं लागेल. तिने शिवणाच्या मापांच्या वहीतलं कोरं पान फाडून लिहून दिलं : ‘दिनकर यांची सर्व पत्रे मला मिळाली. मी एकाही पत्राचे उत्तर पाठवले नाही. यात पोस्टाची काही चूक नाही. कमल.’
चहा कर म्हणून माणिकरावांनी अंगणातून सांगितलं. मी म्हणालो, गाडीची वेळ झाली. गाडीला वेळ होता.

४ एप्रिल
निरीक्षकांसमोर हजर झालो. पंडित बाजूला उभा, हात बांधून. त्यांनी विचारलं, पत्रं पोचली होती का? पोचली. उत्तरं कुठे गहाळ झाली? गहाळ झाली नाहीत साहेब, लिहिलीच नव्हती. मग तुमची तक्रार काय?
काही नाही, म्हणालो. पंडित खाली बघायला लागला. त्याला हसता आलं असतं. हसला नाही.
सुधारणांच्या यादीचं काय करायचं, असंही त्यांनी विचारलं. म्हणालो, राहू द्या. खातं चांगलं चाललंय. पाठवलेलं सगळं पोचतं.
साहेबांनी कमलचा जबाब दोऱ्याने ओवून फायलीत लावला. पंडितला उद्यापासून थैली मिळणार. मी उठलो, परत बसलो. विचारलं, हा कागद मला परत मिळेल का? तिचं माझ्याकडे दुसरं काही नाही, हे बोललो नाही.
साहेब म्हणाले, मूळ कागद फायलीतून निघत नाही.
बरोबर आहे. आमच्या शाळेतही तोच नियम आहे. मीच लोकांना परत पाठवतो.