वेटोळ्यासाठी नवी हातोडी

४ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी हातांची थरथर कमी होईल, जाणार नाही. पुढे वाढतच जाईल." जिना उतरताना हे कठडा धरून थांबले. मला वाटलं, आता धीर द्यावा लागणार. तर म्हणतात काय — "नवी हातोडी घ्यायला हवी!"

मी गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

५ ऑक्टोबर

हातोडी कशाला, ते मला पक्कं ठाऊक आहे. कड्याखालच्या किनाऱ्यावर, अगदी पाण्यालगत, एक धोंडा पडलाय. त्याच्या पोटात जीवाश्म आहे — ताटाएवढं, गोगलगायीच्या शंखासारखं गुंडाळलेलं. हे त्याला 'वेटोळं' म्हणतात. गेल्या वर्षी दिसलं, तेव्हापासून घरात जावई आल्यासारखं त्याचंच कौतुक. धोंडा फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. यंदाच्या वादळांत फुटून जाईल म्हणतात. म्हणजे जे काय करायचं ते याच महिन्यात. आणि हात असे!

जुनी हातोडी जड आहे. दांडा ह्यांच्या अंगठ्यापाशी झिजून खोलगट झालाय. तिला मी कधी हात लावला नाही, आणि माझ्या कातरीला ह्यांनी. लग्न झाल्या झाल्या मी बजावलं होतं — शिवणाऱ्याची कातर दुसऱ्याने चालवली की तिची धार जाते. "मग हातोडीचंही तसंच," हे म्हणाले होते. घरातला तेवढा एक कायदा दोघांनी पाळला.

७ ऑक्टोबर

दुपारी माझं शिवणाचं दुकान बंद करून बाजारात गेले. हलकीशी हातोडी घेऊन आले. म्हटलं, खूश होतील. ह्यांनी उलटीपालटी करून पाहिली. "अगं, ही खिळे ठोकायची. दगडावर मारलीस तर हिचीच कपची उडून डोळ्यात जाईल."

"हातोडी ती हातोडी!"

"बरं. मग तुझ्या कातरीने मी पत्रा कापतो."

तशीच परत करून आले.

८ ऑक्टोबर

सकाळी ह्यांचा कप बशीत खडखड वाजत होता. दोघांनीही ऐकलंच नाही असं दाखवलं.

११ ऑक्टोबर

आज दोघं मिळून मोठ्या दुकानात गेलो. दगडफोडीच्या हातोड्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या — एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला चपटं पातं, डोकं आणि दांडा एकाच पोलादाचा. हे एकेक काढून माझ्या हातात देत होते. "धर. मनगट ताठ ठेव. आता उचल. खांद्याला ओढ लागते का?"

"मला काय विचारता? मारणार तुम्ही."

"तुझा हात खरं सांगतो. माझा हल्ली खोटं बोलतो."

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. एक जड, एक तोंडाकडे झुकणारी, एकीची मूठ जाड — असं करत अर्धा दिवस! मुलगी बघताना माझ्या सासूबाईंनीही एवढ्या खोडी काढल्या नव्हत्या. शेवटी सगळ्यांत लहान होती ती घेतली. छिन्नी मात्र मी निवडली — वर रबराची जाड चकती असलेली. घाव चुकला तरी मूठ वाचते. ह्यांनी लगेच पैसे काढले.

१४ ऑक्टोबर

हातमोजे आले. एवढेसे! "तुमचा पंजा शिरणार आहे का यात?" "वापरून सैल होतात." कपडे शिवणारीला हे सांगतात! कातडं सैल होईल, पण बोटं काय आखूड होतात?

मग हेल्मेट. ते आधी माझ्याच डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा ओढला. "मान हलव." मी म्हटलं, "मी काय दुकानातला पुतळा आहे?" कपच्यांपासून डोळे वाचवायचा चष्माही माझ्या नंबराच्या चष्म्यावरून बसतो का ते पाहिलं. लहान मुलासारखे खेळतायत. खेळू देत.

लेकीचा फोन. "आई, तू बाबांना अडवत का नाहीस?" अडवून कोणाला अडवू? त्या माणसाचं आता उरलंय काय — ही एक ओहोटी!

१७ ऑक्टोबर

मागच्या अंगणात ठकठक ऐकू आली. खिडकीतून पाहिलं. विटेवर छिन्नी धरून हे नेम धरत होते. घाव चुकला. पुन्हा चुकला. मग हातोडी खाली ठेवून तिच्याकडे बघत बसले. मी चटकन मागे सरले.

न्हाणीघरात जाऊन रडले. तिथे कोपऱ्यात बादल्या आहेतच — समुद्रावरून आणलेले दगड मीठ उतरावं म्हणून गोड्या पाण्यात घालून ठेवायचे, पाणी बदलत राहायचं. आयुष्यभर त्या बादल्यांना ठेचकाळले आणि करवादले. उद्या त्या रिकाम्या झाल्या तर? मला भीती वाटते. हात फोडून घेतील, याची. आणि गेले नाहीत तर आतून खचतील, त्याची जास्त.

जेवताना सांगितलं, "मी बरोबर येणार. एकट्याला सोडणार नाही."

"तू यायलाच हवंस," हे म्हणाले. मला वाटलं होतं, भांडतील.

२१ ऑक्टोबर

उद्या मोठी ओहोटी. पिशवी भरली — हातोडी, छिन्नी, ब्रश, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं. हे मला पाठांतर घेतल्यासारखं विचारत होते. "कड्याला?" "हात लावायचा नाही, खाली पडलेलाच दगड फोडायचा." "पाणी भरतीला फिरलं की?" "असेल ते टाकून वर." "आणि घाव?" "वेटोळ्यापासून लांब, कडेने." अहो, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडताय, मला झोपेतही येईल! तर म्हणतात, "बरं झालं."

२२ ऑक्टोबर

धोंडा जागेवर होता. हे शेजारच्या खडकावर बसले, पिशवी उघडली आणि हातोडी माझ्या हातात दिली. "मार."

मी म्हटलं, "अहो, मी?" हातमोजे चढवले. बोटांच्या टोकापर्यंत नेमके बसले. हेल्मेटचा पट्टा तसूभरही ओढावा लागला नाही. हातोडीची मूठ माझ्याच मुठीची. जन्मभर लोकांची मापं घेतली मी, आणि ह्यांनी माझं माप घेतलं तेव्हा मला कळलंसुद्धा नाही!

पहिला घाव चुकला. "माझाही चुकला होता," हे म्हणाले. "कडेने. पुन्हा."

वेटोळं आता बादलीत आहे. पाणी मी बदलेन.