खंजिरावरची हळद

८ फेब्रुवारी १९३८, मंगळवार

आणि वर तोंड करून विचारते, सरू, खंजीर परत कधी देतेस! आज दुसऱ्यांदा. मी काय तो चावून खाल्ला? परवा आयतवारी सोपानचं लगीन झालं, माझ्या भावाच्या पोराचं. अजून अक्षता झाडल्या न्हाईत, पाहुणे पडवीत घोरतायत, आन् रशिदाला खंजीर पायजे. म्हणे तिच्या पोराचं, हमीदचं लगीन सत्तावीसला, मोहरमच्या आत. सत्तावीस काय उद्या हाय?

रशिदा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. तिच्या सासरी हा खंजीर पिढ्यांचा. वलवण गावातला कुठलाबी नवरदेव, त्यांचा असो की आमचा, तोच हातात धरतो, टोकाला लिंबू टोचतो आन् मगच बोहल्यावर चढतो. हळदीचंबी तसंच. लगीन कुणाच्याबी घरी असो, जात्याचा खुंटा तिनं आन् मी मिळून धरायचा. सोपानची हळद दोघींनीच दळली. अशा बाईनं दारात उभं राहून तगादा लावावा?

सोपानसाठी खंजीर देताना तिच्या सासऱ्यानं, ताजुद्दीनचाचानं, मुठीजवळ लय वेळ अंगठा फिरवला आन् तोंडातल्या तोंडात पुटपुटला. डोळे गेलेत, तरी धार तपासतोय. आमच्यावर भरवसा न्हाई.

तसा खंजीर साधाच. मला कळतं ना. सोराबशेटच्या बंगल्यातली हत्यारांची भिंत मीच पुसते. शेट मुंबईच्या पाहुण्यांना सांगतात, मी फडकं फिरवत ऐकते. वाकडी लांब ती इराणी शमशेर. आकड्यासारखा तो अरबांचा जंबिया. सरळ सुरीवाणी, पाठ जाड, तो पेशकब्ज. आता मला लांबून वळखू येतं. माझा सोताचा साठा हाय, तांदळाच्या कणगीमागं. तीन नग. सगळे इराणी.

९ फेब्रुवारी

लग्नाचं बोचकं सोडलं. खंजिराच्या टोकाला लिंबू तसंच. वर कुणा शहाण्यानं पंगतीतल्या उरलेल्या लिंबाच्या फोडीबी त्याच फडक्यात कोंबलेल्या. (मीच कोंबल्या. पण घाईत.) सगळं पातं ओलं, आन् त्यावर काळ्या-करड्या रेघा, वाऱ्यानं धरणाचं पाणी हलावं तशा. डागच डाग.

रशिदाला आजच सांगून टाकायचं. लपवाछपवी आपल्याला जमत न्हाई.

संध्याकाळ. सांगितलं न्हाई. तिचं डोकं दुखत असावं. तोंडावरून वाटलं.

१० फेब्रुवारी

सांगायची गरजच उरली न्हाई. विटकरीची पूड, राख आन् काथ्या घेऊन बसले ते डाग जाईस्तोवर. हात सोलले. मुठीजवळच्या नक्षीत पिवळं कायतरी घट्ट बसलेलं. जुनी हळद! कुणाकुणाच्या लग्नाची, देव जाणे. यांनी कधी नीट धुतलाच न्हाई. दाभणानं कोरकोरून काढली. लय चिवट. जुनी झाली की हळदसुद्धा चकाकते, नवल हाय. चुलीत झाडून टाकली.

आता पातं नव्या ताटासारखं. फस्टक्लास.

१२ फेब्रुवारी, शनिवार

आज त्यांची बकरीद. रशिदानं आठवणीनं आमचा वाटा पाठवला. घरच्यांनी मिटक्या मारल्या. मी माझा वाटा सुनेच्या ताटात सारला. तिखट जास्त असेल.

खंजीर अजून हितंच. देणार हाय. पण उद्या शेट येतायत. आधी त्यांच्याकडून शाबासकी घेते, मग रशिदाच म्हणेल, सरू, काय पॉलिश केलंस ग.

१३ फेब्रुवारी, आयतवार

बंगल्यावर गेले. पदराखाली माझे तीन नग आन् खंजीर.

पहिला नग बघून शेट म्हणाले, बाई, ही गोऱ्या सोल्जरची बायनेट, बंदुकीच्या टोकाला लावायची. दुसरा म्हणे नाटकवाल्यांचा, आतून पत्रा. तिसऱ्याला म्हणे हा ऊस तोडायचा कोयता, मूठ तेवढी बदललीय. आता शेटचंबी वय झालं. चश्मा बदलायला पायजे.

मग खंजीर दिला. शेट ताडकन उठले. भिंग आणलं. खिडकीशी गेले. स्वयंपाकघरातून लिंबू मागवलं आन् पात्यावर चोळलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याच रेघा परत वर आल्या! मी म्हणाले, शेट, डाग पडतील. तर म्हणे, बाई, ह्याला जौहर म्हणतात. इराणी फौलाद. हे पाणी लोखंडाच्या पोटात असतं. घासलं तर दडतं, लिंबू लावलं की वर येतं. माझ्या अख्ख्या भिंतीवर असं पातं न्हाई.

मग मुठीजवळ बोट ठेवलं. म्हणे, हितं सोन्याची अक्षरं व्हती. कुणा गाढवानं टोकरून काढलीत. ती मात्र परत येणार न्हाईत.

शेटनी विचारलं, कुणी केलं?

मी म्हणाले, काय सांगावं शेट, असतात एकेक गाढवं.

१४ फेब्रुवारी

पहाटे उठून चुलीतली राख चाळली. सून विचारते, आत्याबाई, काय हरवलं? म्हणाले, नथीचा मोती. नथ नाकातच व्हती.

राख कधीच भांड्यांना लागून गेली. आमची पितळी भांडी सोन्यानं घासली गेली म्हणायची.

रशिदाला सांगायचंच, असं ठरवून पाणवठ्यावर गेले. ती म्हणाली, सासरे रोज हमीदला जवळ बसवून सांगतात, खंजीर असा धर, मान अशी ठेव. मी तिची घागर उचलून तिच्या घरापर्यंत नेली. रिकामी असती तरी तेवढीच जड लागली असती.

संध्याकाळी तिच्याकडं खरवस पाठवला. सहज.

१६ फेब्रुवारी

आज आंबेमोहर पाठवला, नवा. सहज. घरचे म्हणतात, काय झालंय तुला? म्हणाले, शेजारधर्म.

रशिदानं निरोप दिला, तांदूळ पोचला, खंजीर कधी पोचतो?

१८ फेब्रुवारी

सुचलं! लय सोपं हाय. डिंकात हळद कालवायची आन् खाचांत भरायची. लांबून सोनंच. नवरदेवाच्या हातातला खंजीर जवळून बघतं कोण? आन् म्हाताऱ्याला दिसत न्हाई, ही देवाचीच सोय म्हणायची.

(हे लिहायला नको व्हतं. पण शाईनं लिहिलंय.)

१९ फेब्रुवारी

भरलं. वाळवलं. उन्हात झकास पिवळं दिसतं. उद्या देऊन मोकळी. परत कुणाची वस्तू आणायची न्हाई आन् जुनी हत्यारं गोळा करायची न्हाईत. तिन्ही नग भंगारात. बायनेट ठेवते, नारळ सोलायला बरी.

२० फेब्रुवारी, आयतवार

दिला.

रशिदा खूश झाली, म्हणाली, किती उजळवलास! मी म्हणाले, त्यात काय. तेवढ्यात चाचानं हात पुढं केला.

अंगठा मुठीजवळ फिरवला. थांबला. परत फिरवला. मग अंगठा नाकाशी नेला. म्हणाला, हळद?

चाचानं अंगठा तसाच समोर धरला, पिवळा. म्हणाला, सरू, हितं माझ्या आज्याचं नाव व्हतं ग. डोळे गेल्यापासून तेवढंच वाचतो मी.

धार तपासत नव्हता म्हातारा.

मी म्हणाले, शेटच्या गड्यानं केलं असंल, आडमुठा हाय. भराभरा म्हणाले. रशिदा माझ्या तोंडाकडं बघतच न्हवती. माझ्या नखांकडं बघत व्हती. नखं अजून पिवळी.

चहा टाकलेला दिसत व्हता. पण दिला न्हाई.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

शुक्रवारी हमीदची हळद. जातं त्यांनी काल धुऊन अंगणात ठेवलंय. मला बोलावणं न्हाई. पलीकडच्या आळीतल्या झुंबरबाईला विचारलं म्हणे. झुंबरबाईला! तिला खुंटा धरता येतो का? भरड दळते.

घरच्यांना म्हणाले, जरा जाऊन सांगा, शेटचा गडी न्हवता, सरूनंच कोरलं, हळद समजून. तर म्हणतात, तोंड तुझं, तू जा.

गेले न्हाई. पण परसात उभी राहून भिंतीवरून ओरडले. सगळ्या वलवणानं ऐकलं असंल. म्हणाले, रशिदा, मीच कोरलं! दाभणानं! खोटं बोलले तेबी मीच! चाचाला सांग!

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. चाचाचं खोकणं तेवढं ऐकू आलं.

मग परत ओरडले, असं गप्प बसायचं न्हाई. शिव्या दे, पण दे. शुक्रवारी जात्याशी मी बसायचं का झुंबरबाईनं, ते मला गुरवारी दिवस मावळायच्या आत सांग.