गोठ्यात ठेवलेला कागद

३ नोव्हेंबर, सोमवार
हिंगोलीहून यायला चार वाजले. हिच्या गळ्याची गाठ डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी दाबून बघितली. गिळा म्हणाल्या. हिने गिळलं. परत गिळा. मग लिहीत बसल्या. लिहिता लिहिता बोलत होत्या. सुई टाकून तपासू, पुढच्या सोमवारी या, घाबरू नका. मी प्रत्येक वाक्याला व्हय व्हय करत गेलो. नीट ऐकू आलं ते एवढंच, घाबरू नका.
जीपमध्ये ही म्हणाली, "काय म्हणल्या बाई?"
"काई न्हाई. गोळ्या दिल्यात."
"एवढा येळ गोळ्याच सांगत व्हत्या का?"

४ नोव्हेंबर, मंगळ.
चष्मा लावून कागद बघितला. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं टपाल वाटता वाटता शिकलो, पाकिटावरचे पत्ते वाचून. अक्षर ओळखतो. अर्थाची पत्त्याला गरज नसते.
लिहिलंय ते असं. सी, तिरकी रेघ, ओ. खाली के, रेघ, सी, रेघ, ओ, पुढे एच टी एन. गोळ्यांपुढे बी डी. मग एफ एन ए सी. आणि शेवटच्या ओळीत आर, रेघ, ओ, आणि एक लांब शब्द. एम पासून. त्याच्याखाली रेघ ओढली आहे. बाकी कशाच्याच खाली नाही.
कोणाला दाखवू? इथं शिरड शहापुरात एकाला दाखवला की दिवस मावळायच्या आत पारावर. मग बाया हिला भेटायला येतील, गळ्याकडे बघत बसतील.
ठरवलं. पूर्ण कागद कोणालाच दाखवायचा नाही. एकेक अक्षर चिठ्ठीवर उतरवायचं, वेगवेगळ्या जागी विचारायचं.

६ नोव्हें., गुरु.
औंढ्याला गेलो. मंदिराच्या रस्त्याला मेडिकल आहे, तिथं पहिली चिठ्ठी. पोरगा बरा होता. सी ओ म्हणजे पेशंटची तक्रार. के सी ओ एच टी एन म्हणजे आधीपासून बीपी आहे. बी डी म्हणजे दिवसातून दोन वेळा. एफ एन ए सी म्हणजे सुईची तपासणी.
"काका, या वयात डॉक्टर व्हायलात का?"
दुकानातली सगळी हसली. मीही हसलो. चार दिवसांनी हसलो.
लांब शब्द तिथं दाखवला नाही. त्याची बहीण आमच्याच गावात दिली आहे.

८ नोव्हें., शनि.
डोंगरकड्याला सुमनकडे शेंगा द्यायच्या निमित्ताने. लेकीला काही बोललो नाही. तिच्या शेजारी रिटायर गुरुजी राहतात, त्यांच्याकडे डिक्शनरी आहे. तो एकच शब्द कागदावर उतरवून नेला.
"कुठं लिवलंय हे?"
"फवारणीच्या डब्यावर."
गुरुजींनी पानं उलटली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फवारणीच्या डब्यावर असलं नसतंय लिवलेलं. कोणाचा कागद हाय?"
"लांबच्या पावण्याचा."
"कॅन्सर म्हना."
पाणी मागितलं. पिऊन निघालो. सुमनने वरण केलं होतं, जेवलो नाही. एसटीत कोणाशी

९ नोव्हें., रवि.
काल लिहिता लिहिता थांबलो.
चाळीस वर्षं टपाल वाटलं. दुःखाच्या कार्डावर वरती श्री नसायचं. हातात आलं की मला त्या घराच्या आधी कळायचं. असलं कार्ड कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. बाहेरच वाचायचे, फाडायचे, अंगावर पाणी घ्यायचे. मी सायकल धरून उभा असायचो.
हा कागद सहा दिवस घरात होता, हिच्या लुगड्याच्या ट्रंकेवर. आज गोठ्यात नेला. पिशवीत गुंडाळून कडब्यामागे पत्र्याच्या फटीत खोचला. फाडायला पाहिजे होता. हात धजला नाही.

१० नोव्हें., सोम.
आज तारीख होती. ही सकाळीच न्हाऊन बसली. "चला की. जीप जाईल."
म्हणालो, बाईंचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात या म्हणाल्या.
खोटं. कागदावर लिहूनच दिलंय तर सुई कशाला टोचायची? पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला सुई लावली आणि चार महिन्यांत गेला. लोक म्हणतात सुईने पसरतं. हिला कळायला नको. निदान हे दिवस तरी हसून

१६ नोव्हें.
गाठ वाढली का? ही चुलीपुढे वाकली की बघतो. कधी बोराएवढी वाटते, कधी लिंबाएवढी. पाणी पिताना ठसका लागला तिला. मी ओरडलोच.
"काऊन वरडता? ठसकाच हाय."

२१ नोव्हें.
झोप नाही, जेवण नाही. ही म्हणते, "आजारी मी हाव का तुमी?" पदर गळ्याभोवती घेऊन राहायला लागली आहे. मी बघतो म्हणून.

२५ नोव्हें., मंगळ.
कागद हिला सापडला. कडबा काढताना पिशवी खाली पडली. मी पारावर होतो. हिला अक्षर येत नाही. कागद उचलला आणि सरळ उपकेंद्रात सिस्टरकडे गेली. चार बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाली म्हणे, "माझा कागद हाय. वरपासून खालपातुर समदं वाचून सांगा."
घरी येऊन माझ्यापुढे उभी राहिली.
"त्या शब्दाच्या आदी दोन अक्षरं हायती. ती कोणाला इचारली?"
आर, रेघ, ओ. कोणालाच नाही. बारीक होती. मला वाटलं, नंबर असेल.
"सिस्टर म्हणली, त्याचा अर्थ, तो रोग न्हाई ना हे तपासून बघा. बघा, म्हणलंय. हाय असं न्हाई म्हणलं. त्याच्यासाठीच सुई सांगितली व्हती. धा तारखेला."
मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.
"पंधरा दिस झाले. माझी मान तुमी कडब्यात खोचून ठिवली."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत गेली, भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

२७ नोव्हें., गुरु.
सुई टाकली. इंजेक्शनएवढीच असते. ही म्हणाली, मुंगी चावल्यावानी. सिस्टर म्हणाली होती, सुईने पसरत नाही. मी ते डॉक्टरीणबाईंना परत विचारलं. त्याही नाही म्हणाल्या.
मग विचारलं, "मॅडम, पंधरा दिस उशीर झाला. फरक पडतो का?"
त्या लगेच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "रिपोर्ट येऊ द्या, बाबा."
ते लगेच न बोलणं डोक्यातून जात नाही. रोग नसेल तर पंधरा दिवस गेले आणि काही झालं नाही. असेल तर ते मी दिलेत त्याला.

३ डिसेंबर, बुध.
लॅबमधून रिपोर्ट आणला. बंद पाकीट. वर हिचं नाव, वय ६४. उघडलं नाही. बाई उद्या दहा वाजता बघणार.
घरापर्यंत आलो आणि पाय आपोआप गोठ्याकडे वळले. ही दारातच उभी होती.
"तिकडं कुठं? आणा घरात. कोणी मेलंय का?"
"हात धुऊन येतो."
"आदी पाकीट आणा."
चपला काढल्या. उंबरा ओलांडला. पाकीट तिने देवापुढे ठेवलं, घसरू नये म्हणून वर हळदीची डबी ठेवली. म्हणाली, "उद्या मी इचारीन. तुमी व्हय व्हय करायचं न्हाई. समजलं का?"
"व्हय," म्हणालो.
हसली. पंचवीस तारखेपासून पहिल्यांदा.
आता ती भाकरी थापते आहे. मी इथं पाटावर, पाकीट हाताच्या अंतरावर. कागद पातळ आहे, दाराच्या उजेडात धरला तर आतली अक्षरं दिसतील. अक्षरं मला ओळखू येतात.
धरलेलं नाही. अजून