माझा वकील नक्की कोणाचा?

४ जून
कोर्टाची नोटीस. माझ्या नावाने! भाच्याच्या कंपनीच्या अहवालात कारखाना जोरात चालल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात तो आठ महिने बंद. गुंतवणूकदार भरपाई मागतात. संचालक तीन: भाचा, त्याचा भागीदार आणि मी, निवृत्त मुख्याध्यापिका. हरले तर राहता फ्लॅट जाईल.
भाचा म्हणाला, मावशी, घाबरू नकोस, संचालकांचा इन्शुरन्स आहे, वकीलही तेच देतात. घाबरतंय कोण?

६ जून
वकील आला. म्हणे संचालकांच्या जबाबदारीच्या कायद्यातला तज्ज्ञ. बोलणं लोण्यासारखं. चहा नको म्हणाला. फी इन्शुरन्सवाले देणार. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मग हा माझा कसा?
विचारतो, मॅडम, सही करण्याआधी अहवाल वाचला होता का? उद्धट! मी वाचल्याशिवाय सही करत नाही, असं सुनावलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, नीट आठवून सांगा, तुम्हाला माहीत नव्हतं यावरच आपली बाजू उभी आहे.
चष्मा दुरुस्तीला होता. पिवळ्या चिठ्ठ्या होत्या तिथे सह्या केल्या. पण हे त्याला कशाला सांगू?

९ जून
वकिलाचा फोन. समोरच्यांशी बोलायचं नाही, लिहायचं नाही, काही कबूल करायचं नाही. नाहीतर इन्शुरन्स कंपनी हात वर करेल. तीनदा सांगितलं. एकच गोष्ट तीनदा सांगणाऱ्या मुलाच्या दप्तरात काहीतरी सापडतंच.
संकल्प: पाळत ठेवायची.

१० जून, दुपारी ४
त्याच्या ऑफिससमोर छत्र्यांच्या दुकानात तासभर उभी. दुकानदार म्हणाला, आजी, घ्यायची आहे की नुसती उघडून बघायची? आजी! छत्री घ्यावी लागली.
सव्वातीनला वकील बाहेर आला. बरोबर समोरच्या पक्षाचा वकील; नोटिशीवरच्या नावावरून त्याचा फोटो मी मोबाइलवर आधीच शोधून ठेवला होता. दोघे हसत होते!

११ जून
भाच्याला सांगितलं. म्हणाला, मावशी, तडजोडीचं बोलणं चालू आहे, हात जोडतो, गप्प बस. म्हणजे हाही सामील.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, खरं बोलायचं ते ताठ उभं राहून, पूर्ण वाक्यात. समोरच्या वकिलाला चार पानी पत्र लिहिलं, स्वच्छ इंग्रजीत. अहवालाचं पान न् पान मी वाचलं आहे, कारखान्याची मला संपूर्ण माहिती होती, मी कोणाच्या हातातली बाहुली नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. आता कळेल कोणाशी गाठ आहे.

१५ जून
वकिलाचे नऊ फोन. एकही घेतला नाही. चांगलाच हादरलेला दिसतो.

२२ जून
वकील स्वतः आला. तडजोड झाली. भाचा सुटला, भागीदार सुटला. माझं पत्र कोर्टात दाखल झालंय. परवानगीशिवाय कबुली दिली म्हणून इन्शुरन्स कंपनीने मला वगळलं, वकीलही काढून घेतला. खटल्यात आता मी एकटी.
मी म्हटलं, हा तुमचाच कट. त्याने बॅगेतून तडजोडीचा जुना मसुदा काढून दाखवला. सुटणाऱ्यांत पहिलं नाव माझं होतं. मग कारखान्यात नक्की काय बनतं, असं त्याने सहज विचारलं. मला सांगता आलं नाही.
दारापर्यंत सोडायला गेले. आता मी काय करू, असं विचारलं.
तो म्हणाला, माफ करा मॅडम, आता मला तुमच्याशी बोलता येत नाही.