वरून खाली उतरणारा बांबू

तैपिंग, शुक्रवार

प्रिय सोक हून,

समितीचं पत्र तुला पर्थला मिळाल्याचं तुझ्या फोनवरूनच कळलं. तुझ्या बाबांची म्हणून तू प्रदर्शनाला दिलेली बांबूची चार चित्रं त्यांच्या हातची नसावीत, असं ‘एका जाणकार व्यक्तीने’ लक्षात आणून दिलं आहे, तरी खुलासा करावा, एवढंच त्यात होतं. तू रडलीस. म्हणालीस, “फिया, पप्पांना जाऊन तेरा वर्षं झाली, आता ते कुणाच्या डोळ्यात खुपतायत? आणि मी काय बापाच्या नावावर खोटी चित्रं खपवणारी बाई?” मी म्हणाले, लोकांना तोंड आहे, बोलू दे. आणि गॅसवर भात आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. सगळं क्रमाने सांगते. मध्येच फाडू नकोस.

उद्घाटनाला तू मला हाताला धरून सभागृहभर फिरवलंस. तुझ्या पप्पांचे, माझ्या लाओशींचे कोंबडे, त्यांची ती जाडी माकडं, धुक्यातले डोंगर पाहून मला भरून येत होतं. शेवटच्या भिंतीवर ते चार उभे बांबू होते. तिथे माझे पाय थांबले. बांबू जमिनीतून वर येतो, म्हणून कुंचलाही खालून वर न्यायचा, हा लाओशींच्या चित्रकलेच्या वर्गातला पहिला धडा. तसा काढला की प्रत्येक पेराची शाई खाली ओली असते आणि वर जाताना सुकत जाते. या चित्रांत ती वर ओली होती, खाली कोरडी. कुणीतरी बांबू वरून खाली ओढला होता. त्या वर्गात असं करणारी एकच मुलगी होती, आणि ती कोण हे तुला माहीत आहे.

माझा काय दोष होता गं त्यात? शाळेत जाण्याआधी मी आजोबांच्या मांडीवर जावी लिपी, अरबी अक्षरांतली आमची मलायी, गिरवली. तिचं पहिलं अक्षर अलिफ, नुसती उभी रेघ, वरून खाली उतरतो. तो हातात इतका मुरला होता की उभी रेघ म्हटली की कुंचला आपोआप आकाशातून सुरू व्हायचा. लाओशी डोक्याला हात लावायचे. “ला-फेई, तुझा बांबू पावसासारखा पडतो. त्याला मुळं कधी फुटणार?” त्यांना रफिया म्हणता येत नसे, म्हणून ला-फेई. मागच्या बाकावरची मुलं मला ‘जावी बांबू’ म्हणायची, आणि तूही त्यांच्यात सामील होतीस. आणि आमच्याकडे माझी आत्या म्हणायची, “चिन्यांची शाई उगाळतेय, उद्या त्यांच्या देवळात उदबत्ती लावायला जाईल.” आईने तर एकदा माझा कुंचला नाकाशी धरून हुंगला होता, डुकराचे केस तर नाहीत म्हणून. तेव्हा लाओशी स्वतः घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “आई, ही बकरी आहे. तुम्ही ईदला जी खाता तीच, फक्त दाढीकडची.” आई हसली आणि माझं शिकणं वाचलं. पण बघ, वस्तू हुंगून पाहायची सवय आमच्या घरातली आहे. ती माझ्यात उतरली आहे.

मी तुला तिथेच विचारलं, ही कधीची? तू चित्राकडे पाहिलंसुद्धा नाहीस. “शेवटची असतील गं. चल, चहा गार होतोय.” वर लिहिलेल्या ओळीत काय आहे, असं विचारलं, तर म्हणालीस, “कविता असेल कसली तरी,” आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारलीस. रात्रभर मला तेच दिसत होतं. मी दोन हजार आठला नवऱ्याच्या बदलीमुळे कोटा भारूला गेले, तेव्हा माझ्या सरावाच्या कागदांची अख्खी गुंडाळी लाओशींच्या कपाटात राहिली. त्यांच्यामागे, गावी परतल्यावर, मी ती मागितली, तर तू म्हणालीस वाळवी लागली. चार भिंतींच्या पक्क्या घरात, वरच्या मजल्यावर वाळवी? त्यांचं कपाट आवरताना मला बोलावलं नाहीस. त्यांचा सहीचा लाल शिक्का तुझ्याकडे. शेवटची दोन वर्षं त्यांचा उजवा हात लुळा होता, घास भरवायला बाई होती. तो माणूस असले ताठ बांबू काढेल कसा? यादीत बाकी सगळ्या चित्रांपुढे साल होतं, या चारांपुढे नव्हतं. सगळं एकमेकांत बसत गेलं. माझे कागद, तुझ्या हातातला शिक्का.

चार दिवसांनी त्या चित्रांवर तपकिरी कागद चढला. गाव केवढं, तुला माहीतच आहे. मी परतलेल्या नूडल्स, मी-गोरेंग, घ्यायला गेले, तर टपरीवरचा हमीद म्हणतो, “काय ताई, तुमच्या मास्तरची लेक परदेशात राहून हुशार झाली म्हणे.” मी हसले. पन्नास वर्षांची मैत्री, आणि मी हसले.

समितीचे चिटणीस मिस्टर याप यांना तुझ्या उत्तराआधी ती ओळ वाचून हवी होती. पण तेही आपल्यासारखेच इंग्रजी शाळेतले. स्वतःचं नाव तेवढं चिनीत लिहितात. आणि अक्षर असं वेडंवाकडं की वाचता येणाऱ्यांनीही नाद सोडलेला. शेवटी बाजारातल्या औषधवाल्या खू म्हाताऱ्यांना आणलं. वैद्यांची अक्षरं लावण्यात त्यांचा जन्म गेला. मी मुद्दाम हजर राहिले. मला ऐकायचंच होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक कागदाला टेकवलं. “सशाचं वर्ष. शरद ऋतू,” म्हणाले. म्हणजे दोन हजार अकरा, मी गाव सोडल्यानंतर तीन वर्षांनी. मग बोट ठेवत ठेवत वाचलं: “उजवा हात गेला. डावा वर चढत नाही, नुसता उतरतो. म्हणून हा बांबू ला-फेईच्या रीतीने. तीस वर्षं मी तिला चूक म्हणत आलो.” मिस्टर यापनी विचारलं, ला-फेई कोण, जुना कुणी मोठा चित्रकार? खू म्हणाले, “अमक्याच्या रीतीने असं लिहितात ते गुरूचं नाव घालून. इथे तर नावापुढे ‘शिष्या’ लिहिलंय. उभ्या जन्मात असं पाहिलं नाही मी.” मी खुर्ची ओढून बसले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, मलायी बाईचं ते नाव असेल हे कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं.

तेव्हा मला तुझा चहा कळला. तूही माझ्याच कॉन्व्हेंटची. तुलाही ते वाचता येत नव्हतं. बापाचं अक्षर लेकीला लागत नाही, हे तुला चारचौघांत म्हणवेना. म्हणून तू तिथून निघालीस, म्हणून यादीत साल नव्हतं. आणि वाळवी खरीच लागली असेल. त्या खोलीचं छप्पर गळायचं, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

आता जे सांगायचं त्यासाठी हे पत्र. ती जाणकार व्यक्ती मी आहे. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्टर यापना घरी गाठलं आणि म्हणाले, चिनी हात असा बांबू काढूच शकत नाही. माझं नाव कुठे येऊ नये, असंही सांगितलं. मला राग तुझा नव्हता इतका. इतक्या वर्षांत माझं एक चित्र त्या सभागृहात लागलं नाही, आणि लागलं तर दुसऱ्याच्या शिक्क्याने, असं वाटलं. परवा मी सगळं लिहून, सही करून त्यांना दिलं. चित्रांवरचा तपकिरी कागद त्याच दुपारी निघाला. पण गावाच्या कानावर जे गेलं ते परत यायला हवं, म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सभागृहात उभी राहून ते वाचणार आहे, माझ्या नावानिशी. त्याआधी तुला कळावं. फोनवर सांगता आलं असतं. पण तू दुसऱ्याच वाक्याला ‘जाऊ दे गं’ म्हणाली असतीस, आणि मी तिथेच सुटले असते. हे पूर्ण वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

तुझीच, तू खोडून टाकेपर्यंत,
फिया