शेऱ्याच्या रकान्यातले पासष्ट हत्ती

मुक्काम तिवशाजवळ
दि. १२ फेब्रुवारी १९६२

तीर्थरूप बुधाजी मामा यांस भाचा देवमन याचा जयभीम.

इकडे मी आणि ललिता बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते मामींकडून कळवावे. (तुम्ही स्वतः नेहमी "ठीक हाय" एवढेच कळवता, आणि मग अकोल्याहून येणारा माणूस सांगतो की तुम्ही ओट्याच्या पायऱ्या बसून उतरता.) पत्राला तीन महिने उशीर झाला, त्याचे कारण हत्ती.

दिवाळीनंतर तुम्ही आलात, तेव्हा आपला बुद्धिबळाचा डाव अर्धाच राहिला आणि मोटारीची वेळ झाली. "देवमन, डाव मोडू नको बरं, मी येऊन तुले मात देतो," असे मोटारीच्या पायरीवरून बजावून तुम्ही गेलात. आता आपला पट म्हणजे ललिताचा चुलीपुढे बसायचा पाट, त्यावर खडूने आखलेली घरे. दोन दिवस ती जमिनीवर बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचा राजा उठवा, नाई तर मी उठवतो." मांडणी कागदावर उतरवावी, तर मागच्या खेपेचा कागद चुलीत गेलेला. ज्याला कोणी हात लावत नाही असा एकच कागद माझ्या ताब्यात आहे, तो म्हणजे आमच्या गुरांच्या दवाखान्याचे रजिस्टर. (ते कुलपात राहते. पावसाळ्यात मी भिजतो, ते भिजत नाही.)

अडचण जागेची होती. त्या रजिस्टरात मालकाचे नाव, जनावर, दुखणे यांचे रकाने ऐसपैस आणि शेवटी शेऱ्याचा रकाना बोटभर. आठ-दहा अक्षरे झाली की पानच संपते. अख्खा डाव एका शेऱ्यात मावेना. तेव्हा मी पटाच्या घरांना एक ते चौसष्ट आकडे दिले, काळ्याचा 'का.' आणि पांढऱ्याचा 'पां.' केला, आणि दर जनावरामागे एक मोहरा असा डाव वाटून टाकला. गोदाबाईच्या म्हशीपुढे 'का. हत्ती ८', पंजाबरावच्या लंगड्या बैलापुढे 'पां. उंट ५२'. पटावर मोहरे अठरा, आणि त्या आठवड्यात गावातली सगळी जनावरे नेमकी ठणठणीत. डाव पुरा उतरायला नऊ दिवस लागले, तोवर ललिता जमिनीवर आणि अबोल्यात. (शेवटच्या दोन प्याद्यांसाठी मी नत्थुजीची धडधाकट शेळी दोनदा तपासली. ती अजून मला पाहिले की पळते.)

महिनाअखेर नियमाप्रमाणे रजिस्टरची नक्कल वरच्या कचेरीत गेली. तिथे कोणी नवा बाबू आला होता. त्याने घरांचे आकडे म्हणजे जनावरांची संख्या समजून मन लावून बेरीज केली. उलट टपाली विचारणा आली की आपल्या हद्दीत हत्ती ६५, उंट ७१ आणि घोडे ३६ असताना जनावरांच्या गणतीत एकही कसा नाही? तसेच 'प्यादे' हे जनावर दूध देते की ओझे वाहते, याचा खुलासा करावा. आपल्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. ती लागली तेव्हा तुम्ही अख्ख्या वस्तीत गूळ वाटला होता, तो गूळ माझ्या घशाशी आला.

खुलासा लिहायच्या आतच वरच्या कचेरीतले ओमप्रकाश डॉक्टरसाहेब जीप घेऊन हजर झाले. सोबत मनगटाएवढी इंजेक्शनची पिचकारी. हत्तीची बातमी फुटल्यामुळे निम्मे गाव दवाखान्याच्या अंगणात जमलेले. साहेबांनी विचारले, "हाथी किधर है?" तेवढ्यात पंजाबराव म्हणाला, "साहेब, आमीबी सकाळपासून त्यालेच पाहून राहिलो."

शेवटी मी सगळे कबूल केले. साहेबांना बुद्धिबळातले ओ की ठो कळत नाही, तरी म्हणाले, मांडून दाखव. मी टेबलावर खडूने घरे आखली, रजिस्टर वाचत वाचत औषधाच्या बाटल्या आणि बुचे मांडली आणि आपला डाव जसाच्या तसा उभा केला. साहेबांनी एक बूच उचलून पाहिले आणि जागच्या जागी ठेवले. मग म्हणाले, "इतनी मेहनत काहे को?" मी म्हटले, "साहेब, मी शाळेसाठी मामाकडं ऱ्हायलो. मले विषमज्वर झाला तवा मामानं एकवीस दिवस उशाशी बसून हा खेळ शिकवला. डाव मोडू नको म्हणाले, तर मी कसा मोडू?" साहेबांनी खिशातला पेन काढला आणि शेवटच्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, 'पाहिले. जनावरे लाकडी.' मला एक वेगळी वही घ्यायला सांगितले आणि जीपमध्ये बसले. गाव मात्र अजून माझ्यावर रुसले आहे, कारण हत्ती दिसला नाही.

तर डाव शाबूत आहे आणि खेळी तुमची आहे. लवकर यावे.

तुमचा
देवमन

ता. क. — पत्र नेहमीप्रमाणे लीलाबाई मामीच वाचून दाखवत असतील. मामा, पत्र इथे संपले. तुम्ही चहा घ्या.

आणखी ता. क. — मामी, हे मनातल्या मनात वाचा. त्या डावात मामांनी दोनदा माझा उंट आपला समजून चालवला. मी बोललो नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ असून ते वेळ मला विचारत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. अमरावतीला डोळ्यांच्या दवाखान्यात मी ६ मार्चची तारीख घेतली आहे. ऑपरेशनचे नाव काढले तर ते घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत, हे तुम्ही जाणताच. तुम्ही फक्त डावाचे बोला आणि तीन तारखेच्या मोटारीत त्यांना घेऊन बसा. मी स्टँडवर उभा आहे. पुढचे मी पाहतो.