बुधवारची सुई

७ जानेवारी २०२६, बुधवार
शुगर आणि वजन उतरवायची आठवड्याची सुई टोचली. पोटात, स्वतःच्या हाताने.
गणवेश पुन्हा शिंप्याकडे दिला. तो म्हणाला, आणखी आत घेतलं तर खिसा पाठीवर जाईल. जाऊ दे! कंडक्टर झाल्यापासून सालेकसा एस.टी.च्या गर्दीत मी आडवी सरकायचे आणि मागे कोणीतरी फिदीफिदी हसायचं. आज सरळ चालत शेवटच्या सीटपर्यंत गेले. शुगरही उतरली.

१४ जानेवारी
संक्रांत. सासूबाईंनी तिळाचे लाडू केले. मी अर्धा तोडला आणि ठेवून दिला. त्या दुखावल्या. "माह्या हातचं कडू लागते का तुले?"
कडू नाही लागत. काहीच लागत नाही. बारीक व्हायचं तर मलाच होतं — मग रडू कशाचं येतं?

१९ जानेवारी
आज रडूही नाही. काहीच नाही.

२३ जानेवारी
आमगावच्या गीताबाई दुपारच्या गाडीने भाजी घेऊन जातात. तिकीट घेताना त्यांनी माझा हातच धरला. "बाई, चूप काऊन राहते आता? पयले त पुरी गाडी डोस्क्यावर घेत होती."
हसले. खोटंच.
परतताना नदीच्या पुलावर खिडकीतून पाण्याकडे पाहत राहिले. पूल कधी संपला, कळलं नाही. मग स्वतःचीच भीती वाटली. घरी येऊन हेमेंद्रला सगळं सांगितलं. नवऱ्यासमोर मन एवढं कधी उघडं केलं नव्हतं. तो आधी म्हणाला, फेकून दे ती सुई. मग लगेच सुई देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पुढची सुई थांबवली, सकाळीच या म्हणाले.

२४ जानेवारी
गोंदिया. वाटलं होतं, मळमळ होते एवढंच सांगून उठेन. पण मी म्हणाले, "डॉक्टर, मला जगावंसं वाटेनासं झालंय."
त्यांनी पेन खाली ठेवला. औषधामुळे असेल, नसेलही, पण सांगितलं हे फार बरं केलं, असं म्हणाले. लगेच मनाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी मला बोलू दिलं. भरपूर बोलले. हेमेंद्र बाहेर बाकावर बसून होता.
इतकी वर्षं गाडीत ओरडतेय, पण एवढं अवघड वाक्य कधी तोंडातून निघालं नव्हतं. निघालं! वजन उतरल्याचा अभिमान आहेच. याचा त्याहून मोठा.

१ फेब्रुवारी
कचारगडची यात्रा. जादा गाड्या, पिवळे दुपट्टे, ढोल. एक जण दारातच अडून बसला, आत सरकेना. मी ओरडले, "भाऊ, दार घरी घेऊन जाता काय?"
पुरी गाडी हसली. मीही. ड्रायव्हर दुलीचंदभाऊ आरशात बघून म्हणाले, "आली बाई वापस."
पूर्ण नाही आले. डॉक्टरबाई म्हणाल्याच आहेत, वेळ लागेल. पण आज यात्रेतली भजी खाल्ली आणि मिरची जिभेला झोंबली. शिफ्ट संपली तेव्हा पाय दुखत होते, आणि मला ते आवडलं.

९ फेब्रुवारी
उद्या पुन्हा डॉक्टरबाईंकडे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मलेही नेशील का? तुहा सासरा गेला तवापासून मलेही तसंच होऊन राहिलं."
सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. उद्या दोघी जातोय.